निळ्या कोर्टावरची पावलं

त्या शनिवारी वारांबीच्या नेटबॉल कोर्टावर जेवढी गर्दी होती तेवढी अंतिम सामन्यालासुद्धा कधी झाली नव्हती. लांबलांबच्या शेतांवरून लोक गाड्या भरभरून आले होते. कुंपणालगत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, बर्फाच्या पेट्या उघडल्या होत्या, आणि फेब्रुवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याच्या, उन्हानं लाल झालेली माणसं माना उंच करून एकाच जागी बघत होती.

निळ्या रंगानं रंगवलेलं डांबरी कोर्ट. त्याच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळापासून निघून, रेषा ओलांडून, गोलच्या खांबाकडे चाललेली तपकिरी पावलं. अनवाणी, लहान मुलीची.

"नवं आलं! ते बघा, नवं आलं!" बेकरीवाली डॉट ओरडली. "मागच्या शनिवारी तिथं काही नव्हतं. मी आपल्या डोळ्यांनी बघितलंय!"

पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी रुमाल शोधले.

कोर्टाच्या मधोमध गावोगाव प्रवचनं देत फिरणारे ब्रदर लायल उभे होते. पांढरा सदरा, गवताची हॅट, एका काखेत जांभळ्या मखमलीची उशी आणि दुसऱ्या हातात निलगिरीच्या तेलाची बाटली. त्यांनी नव्या पावलाच्या पुढे, खांबाच्या दिशेनं, बेतानं जागा निवडली. उशी ठेवली. तिच्यावर गुडघे टेकले. सगळा भार टाकून डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग चहूकडे तेल शिंपडून उठले.

"माझ्या प्रिय दुःखी जनांनो," ते म्हणाले, "मरण म्हणजे काय? एका कोर्टावरून दुसऱ्या कोर्टावर जाणं! शिट्टी वाजते, बाजू बदलते, खेळ चालूच राहतो!"

"मग गुण कोण लिहितंय?" मागे कुणी म्हातारा पुटपुटला, आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

"ही पावलं वरून उमटलेली नाहीत. खालून आलीत, खालून! विचारा आमच्या नेव्हिलभाऊंना. किती वेळा रंगवलंत, भाऊ?"

"तीनदा," नेव्ह खाली बघत म्हणाला.

"आणि?"

"आणि आलीच परत वर."

गर्दीनं श्वास सोडला. ब्रदर लायल खांबाजवळच्या खुर्चीकडे वळले. तिथं लीआन बसली होती, मांडीवर हात, डोळे पावलांवर. तिच्या पायाशी तिची धाकटी मुलगी ब्री.

"आई," ते मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या शनिवारी टेगन तुमच्यापर्यंत पोचेल. ती बोलेल. या धाकटीच्या श्वासातून बोलेल. म्हणून म्हणतो, तो श्वास मोकळा ठेवा. दम्याचा पंप आणि औषधं मारून दार बंद करू नका. निलगिरी हुंगवा, बस्स."

लीआननं होकारार्थी मान हलवली. ब्री खोकली. छोटा, कोरडा, ओढून काढलेला खोकला. गर्दीत तो माझ्याखेरीज कुणाला ऐकू आला की नाही, कोण जाणे. वर्गात बसलेल्या मुलांचे खोकले चाळीस वर्षं ऐकले की त्यांतला कुठला घरी पाठवायचा आणि कुठला दवाखान्यात, ते कानाला कळतं.

टेगन माझ्याच शाळेतली. आमच्या शाळेत तीसेक पोरं, आणि आता येतात त्यांच्या आयांनाही पाढे मीच शिकवलेत. लीआन त्यातलीच. नवरा पश्चिमेकडच्या खाणीवर, काही आठवड्यांनी एकदा घरी येणारा. दोन मुली, दोघींना दमा. टेगन अकराची, धिटुकली, पायात कधी बूट नाहीत. ब्री सातची, तिची शेपटी.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी क्लबानं कोर्टावर श्रमदान ठेवलं होतं. डांबराला तडे गेले होते. नेव्हचा धंदाच मुळी कोर्टं आणि शाळांची मैदानं दुरुस्त करून रंगवायचा. त्यानं तडे कापून घेतले, गरम डांबर आणलं, आणि सारं गाव फावडी घेऊन भिडलं. फावड्याला डांबर चिकटू नये म्हणून नळाजवळ नेव्हचं डिझेलनं भरलेलं घमेलं ठेवलं होतं. जो तो येता-जाता त्यात फावडं बुचकळत होता. आमच्याकडे ही रीतच. "पोरांनो, लांब राहा, भाजेल!" असं सतत कुणीतरी ओरडत होतं, आणि पोरं सतत जवळ येत होती.

त्याच आठवड्यात वादळ आलं. गवताला तुरे आलेले, हवा परागानं भरलेली, आणि त्यात गडगडाट. असलं वादळ दमेकऱ्यांना घातक, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टेगनचा पंप नेटबॉलच्या पिशवीत होता, आणि पिशवी क्लबाच्या खोलीत राहिली होती. रुग्णवाहिका तासाभराच्या अंतरावरून निघाली.

पोचली. पण उशिरा. एवढंच सांगते.

कोर्ट रंगवायचं राहूनच गेलं. नाताळच्या आधी नेव्ह म्हणाला, पोरीच्या आवडीचा निळा देऊ. दिला. जानेवारीत उन्हाची लाट आली, डांबर पायाखाली मऊ लागायला लागलं, आणि एका सकाळी लीआनला नळापाशी पावलं दिसली. सातआठ पावलं, नळाकडून निघून कोर्टात थोडी आत जाणारी. नेव्हला वाटलं, कुणाचा तरी चावटपणा. त्यानं रंग मारला. आठवड्यात पावलं परत वर. त्यानं पुन्हा मारला. तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा त्यानं रोलर फेकून दिला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. मी खिडकीशी गेले तर हा साठीचा गडी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता.

बातमी पसरायला एवढं पुरे होतं. पंधरवड्यात ब्रदर लायलची चाकांवरची खोली क्लबाच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. ते आले, आणि थांबलेली पावलं पुढे चालायला लागली.

मी लीआनच्या घरी गेले. स्वयंपाकघरात निलगिरीचा एवढा वास होता की डोळे चुरचुरले. ब्री टेबलाशी चित्र काढत होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते.

"लीआन, तिचा रोजचा पंप कुठंय?"

"आहे."

"देतेस?"

तिनं ब्रीच्या चित्राचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "तुम्ही नर्सला पाठवलंत ना परवा? ती पण हेच विचारत होती. मी हो म्हटलं तिला."

"मला पण हो म्हणणार आहेस?"

"तुम्हाला खोटं नाही सांगता येत, बाई. शाळेत पण नाही यायचं." ती किंचित हसली आणि ते हसू तसंच विरलं. "शनिवारपर्यंतच नाही द्यायचा. नंतर देईन."

"बाळ, तिचा श्वास ऐक. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. रात्रंदिवस तेच ऐकतेय." तिनं ब्रीला बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. "ब्रदर म्हणतात, टेगनला बोलावणं आलं होतं. पंप जवळ असता तरी ती गेलीच असती. पंपानं काही होत नसतं म्हणतात." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "आणि तुम्ही मला काय सांगायला आलात? की पंपानं होतं? म्हणजे त्या दिवशी मी ती पिशवी क्लबात विसरले नसते तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही.  आयुष्यभर मुलांना सांगत आले, विचारा, प्रश्न विचारा, उत्तर असतंच. आणि त्या टेबलाशी एका आईनं विचारलं, तेव्हा मी चहाच्या कपाचा कान धरून बसले.

मात्र एक कळलं. लायलनं तिला मुलगी परत देईन म्हटलं होतं, ते खरं तर दुय्यम. त्यानं तिला माफी दिली होती. आणि त्या माफीचं मोल ब्रीच्या छातीतून जात होतं.

सोमवारी मी अख्खी शाळा घेऊन कोर्टावर गेले. कुणाला काही सांगितलं नाही. प्रत्येकाच्या हातात खडू दिला. "आज विज्ञानाचा तास इथं. बघायचं. नुसतं बघायचं, आणि दिसेल ते बोलायचं. वाटेल ते नाही, दिसेल ते."

पोरं गुडघ्यांवर, पोटांवर पडून बघायला लागली. पहिल्यांदा कुजबुज, मग कलकल.

"बाई, या बोटांना नखं नाहीत."

"पावलाला नखं कशी दिसतील, येड्या? तुझ्या दिसतात का?"

"बाई, याला बोटंच नाहीत नीट. नळाजवळच्यांना आहेत. ही पुढची आहेत ना, ती नुसती चपलेसारखी आहेत."

एवढ्यात कोरा उठून उभी राहिली. कोरा नऊ वर्षांची, मेंढ्या कातरणाऱ्याची मुलगी, आणि लाज नावाची गोष्ट तिच्या वाट्याला आलेलीच नाही. ती पुढच्या पावलांवर आपलं एकेक पाऊल ठेवत निघाली, अडखळली, मागे आली, पुन्हा निघाली.

"बाई, ती लंगडी घालतेय का?"

"का गं?"

"सगळे डावेच पाय आहेत!"

पोरं खो खो हसली, मग एकेकानं येऊन पाहिलं आणि हसणं थांबलं. नळाजवळची पहिली पावलं उजवं-डावं, उजवं-डावं अशी नीट चालत आली होती. तिथून पुढची, म्हणजे लायल आल्यानंतरची, झाडून सगळी डावी. एकाच मापाची, एकाच वळणाची.

"आता हुंगा," मी म्हटलं.

"ई! निलगिरी."

"आणखी?"

कोरानं नाक अगदी टेकवलं. "खाली बाबाच्या ट्रॅक्टरचा वास आहे. डिझेल!"

शेतकऱ्यांची पोरं ती. डिझेलचा वास त्यांना आईच्या कुशीच्या आधी कळतो.

सगळी पोरं बोलत होती, एक सोडून. ब्री नळाजवळच्या पावलांपाशी उभी होती. जवळ जात नव्हती, लांबही होत नव्हती. मी विचारलं, "काय गं ब्री?" तिनं तोंड घट्ट मिटून मान हलवली. मला वाटलं, दम लागलाय. तिला सावलीत नेऊन बसवलं.

श्रमदानातले जुन्या डांबराचे तुकडे क्लबाच्या मागे पडून होते. त्यातला थाळीएवढा एक आम्ही शाळेत आणला. अर्ध्या भागावर चिंधीनं डिझेल फासलं, अर्धा तसाच ठेवला. मग नेव्हच्या उरलेल्या डब्यातला निळा रंग दोन्हीकडे सारखा लावला आणि तुकडा पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवला. दुसऱ्या एका, आधीच रंगवून वाळवलेल्या तुकड्यावर रंगाच्या वरूनच डिझेलचा बोळा दाबला. रोज मधल्या सुट्टीत कोरा शिडी चढायची आणि वरून ओरडायची, "काही नाही!" गुरुवारी ती काहीच ओरडली नाही. नुसती खाली बघून हसली.

गोष्ट अशी आहे. डांबर तेलाचंच भावंड. त्याला डिझेल लागलं की ते विरघळून पातळ होतं, आणि ऊन तापलं की वर झिरपतं. कोर्टाचा रंग पाण्यात कालवलेला असतो. विरघळलेल्या डांबराला तो अडवू शकत नाही. तपकिरी डाग रंगातून वर येतो. पुन्हा रंगवा, पुन्हा येईल. दहादा रंगवा, दहादा येईल. रंगाच्या वरून दाबलेलं डिझेलही खाली मुरतं आणि तसाच डाग वर आणतं. खालून येतं असं लायल म्हणाला ना, ते अगदी खरं होतं. खोटं बोलायला त्याला एवढं एक खरं पुरलं.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. खांबाशी लीआन, तिच्या मांडीवर ब्री. मी डांबराचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून पुढे गेले. खिशात शाळेचा निळा पंप होता, धाप लागली की लगेच द्यायचा, आणि त्याला लावायची प्लास्टिकची नळी. लायल उशी काखेत मारून येतच होता.

"ब्रदर, थोडं थांबाल?" मी म्हटलं. "आज गुडघे टेकायला ही उशी घ्या." आणि चर्चमधली आमची जुनी चटईची उशी पुढे केली.

तो हसला. "बाई, माझी उशी मंत्रवलेली आहे."

"म्हणूनच म्हणते. मंत्र तुमच्या तोंडात आहे की उशीत, ते आज कळेल."

मागून तोच म्हातारा खिंकाळला. या वेळी बायकोनं कोपर मारलं नाही.

मी लोकांना तुकडे दाखवले. काय केलं, कसं केलं, सगळं सांगितलं. पोरांनी पुढे येऊन खडूनं डाव्या पावलांभोवती रिंगणं काढली. "आणि ही सगळी," मी म्हटलं, "ब्रदर जिथं गुडघे टेकतात तिथंच उमटतात. दुसरीकडे कुठंच नाही. मागच्या शनिवारी ते तिथं टेकले होते. बघा."

सगळ्यांनी बघितलं. तिथं नवं पाऊल होतं. डावं.

"अहो बाई, देवाला तरी सोडा!" डॉट रडवेल्या आवाजात म्हणाली. "त्या बिचारीकडे बघा. काय मिळतंय तुम्हाला?"

"थांबा!" लायल ओरडला. त्याचा हात ब्रीकडे होता. "ऐका! आली! टेगन आली!"

ब्रीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मान पुढे, खांदे कानांपर्यंत, गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठांभोवती तो निळसर रंग उतरायला लागला होता जो मी एकदाच, टेगनच्या ओठांवर, पाहिला होता, आणि पुन्हा पाहायचा नव्हता.

"तिला बोलू द्या! आई, दार उघडं ठेवा, हा श्वास टेगनचा आहे!"

मी पंप काढून लीआनपुढे धरला. हात लांब केला आणि तसाच ठेवला. मी स्वतःही ब्रीला देऊ शकले असते. आणखी क्षणभर वाट पाहून दिलाच असता. "नेव्ह, रुग्णवाहिका!" एवढं मी ओरडले. पण लीआननं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला कळत होतं. तो पंप हातात घेणं म्हणजे त्या दिवशीच्या पंपाबद्दल कबूल होणं होतं.

ब्रीनं आईचा अंगठा धरला. बोलता येत नव्हतं. नुसता धरला.

लीआननं पंप ओढून घेतला. नळी लावली, हलवला, मुलीच्या तोंडाशी धरला. तिचे हात सराईत होते. दोन मुलींवर शिकलेले हात. "ओढ, राणी. हळू. अजून एक. हळू." कोर्टावर कुणी खोकत नव्हतं. "अजून एक."

शिट्टी बारीक होत गेली. खांदे उतरले. ब्रीनं आईच्या छातीवर डोकं टाकलं आणि एक लांब श्वास घेतला, आतपर्यंत पोचणारा.

पंप चालला होता. तेच लीआनला सोसलं नाही. ती मुलीला मिठी मारून अशी रडली की मी इतक्या वर्षांत कुणा माणसाला तसं रडताना ऐकलं नव्हतं. त्यात आनंद होता असं म्हणणारे म्हणोत. मी जवळ होते. त्या रडण्यात टेगनचं नाव होतं, पिशवीचं होतं, वादळाचं होतं.

लायल तेवढ्यात उशी उचलून कुंपणाच्या दाराकडे सरकत होता. दारात नेव्ह उभा होता, फोन कानाला.

"ती उशी द्या," लीआन म्हणाली. आवाज चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्याकडे द्या."

नेव्हनं ती त्याच्या काखेतून काढली आणि तिला नेऊन दिली. लीआननं उलटी केली. मखमलीच्या खाली पत्र्याची चकती, चकतीवर जाड नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं, पाऊल शिवलेलं. डावं. ओलं. तिनं नाकाशी नेलं. मग डिझेलनं माखलेला आपला हात तिनं सगळ्यांना दाखवला. 

"मी या लोकांना आशा दिली!" लायल म्हणाला. "तुम्ही काय दिलंत?"

 पोलीस येईपर्यंत तो आपल्या खोलीच्या पायरीवर बसून राहिला. पुढे कळलं की उमेदीत तो रस्त्याच्या डांबरीकरणावर मजूर होता. नळाजवळची ती पावलं कशी आली असतील, हे त्यानं पहिल्याच नजरेत ओळखलं असणार. तेव्हा एका वाक्यात सांगितलं असतं तर माणूस म्हणून लोकांनी त्याला जेवायला बोलावलं असतं.

लीआन माझ्याकडे वळली. "म्हणजे तिचं काहीच नव्हतं? एकही नाही?"

"ही सगळी त्याची."

"आणि नळाजवळची? ती तर तो यायच्या आधीची."

मुलांना मी नेहमी सांगते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यानं जीभ झडत नाही. त्या दिवशी मात्र माझी झडेल असं वाटलं. "ती कशी आली ते मला माहीत नाही, लीआन."

"मला माहितीय," ब्री म्हणाली.

आवाज एवढासा. लीआननं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"ती टेगनचीच आहेत." ब्रीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "सांगायचं नाही असं कबूल केलं होतं मी तिला. तू रागावशील म्हणून."

"नाही रागावणार."

"नेव्हकाकांचं घमेलं होतं ना, त्या रविवारी. फावड्याचं. मी म्हटलं, तुझ्यात हिंमत नाही. तर ती दोन्ही पाय घालून उभी राहिली. घोट्यापर्यंत. मग काकांनी हाक मारली तशी पळाली, अशी, कोर्टात. मग लक्षात आलं की पायाला वास येतोय, म्हणून गवतावरून परत आली नळावर. खूप धुतले. साबणानं पण. वास जाईचना." ती थांबली, श्वास घेतला. "म्हणून त्या रात्री ती मोजे घालून झोपली."

लीआनला ते मोजे आठवत होते. मला तिच्या तोंडावर दिसलं.

"हसत होती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"टेगन. घमेल्यात उभी असताना."

"खूप," ब्री म्हणाली. "पडणारच होती हसून."

लीआन मुलीला कडेवर घेऊन नळाजवळच्या पावलांशी गेली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथंच बसली. सात वर्षांच्या मुलीला कडेवर. मग तिनं एका पावलावर हात ठेवला. डांबर तापलेलं होतं. चटका बसला असणार. तिनं हात काढला नाही.

नेव्ह माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "माझं घमेलं," तो म्हणाला. "बाई, ते माझं घमेलं होतं. मला कळायला हवं होतं. या धंद्यात डिझेलचे डाग मी शंभरदा कापून काढलेत. पण ते पोरीचे पाय होते ना. मला डाग दिसलाच नाही."

हे मी पुष्कळदा मुलांना सांगते. नेव्ह मूर्ख नव्हता, डॉट मूर्ख नव्हती, लीआन तर वर्गात पहिली यायची. दुःख झालं की आपल्याला दिसतं ते आपण बघत नाही. तेव्हाच कुणीतरी शेजारी बसून म्हणायला हवं की चल, नुसतं बघू या. आणि तेव्हाच नेमका लायल शेजारी येऊन बसतो.

मार्चमध्ये नेव्हनं डाव्या पावलांचे तुकडे करवतीनं कापून काढले आणि नवं डांबर भरलं. फावड्याला आता तो साबणाचं पाणी लावतो. पहिल्या पावलांपाशी आला तेव्हा करवत बंद करून त्यानं लीआनकडे बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. ती पावलं राहिली. दोनतीन पावलं रेषेच्या आत येतात. आमच्या मुली खेळताना त्यांवरून धावतात, आणि ते बरंच आहे.

ती कायमची नाहीत. उरलंसुरलं डिझेल दर उन्हाळ्यात थोडं उडून जातं. या वर्षी टाचा तेवढ्या दिसतात. कुणीतरी पुन्हा येईल आणि लीआनला म्हणेल की ती निघून चाललीय, थांबवतो. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते, मुलांनो. जवळ जा. वास घ्या. डावं की उजवं ते बघा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आणि कुणी कितीही गोड बोललं, तरी श्वासाचं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

त्या दिवशीचा पंप जवळ असता तर टेगन वाचली असती का, हे लीआननं मला पुन्हा एकदा विचारलं. मी सांगितलं, कदाचित. नक्की माहीत नाही, कुणालाच कळणार नाही. तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं झालं, तुम्ही खोटं नाही बोललात."

रोज सकाळी शाळेआधी त्या दोघी नळाशी येतात. ब्री पंप घेते, चूळ भरते, आणि पाणी पावलांवर न सांडेल अशा बेतानं गवतात थुंकते. पंप लीआनच्या गळ्यात असतो, दोरीनं बांधलेला. पिशवीत ती आता काहीच ठेवत नाही.